वेंधळा नव्हे तो!

‘वेंधळा’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! मीही वापरला आहे, आणि तोही पोटच्या मुलाबद्दल. त्याच्या हातून पेला सांडायचा, शर्टाची बटणं वर-खाली लागायची, चौथीत गेला तरी बुटाची नाडी बांधता येईना. गोष्ट मात्र अशी रंगवून सांगायचा की ऐकत राहावं. वहीवर बाईंचा शेरा ठरलेला : ‘अक्षर गचाळ, लक्ष देत नाही.’ मग मी तीच पानं पुन्हा लिहायला लावायची. एका रात्री बोटं चोळत तो म्हणाला, ‘‘आई, मी मुद्दाम नाही गं करत.’’

मी डॉक्टरांकडे गेले, ती त्या वाक्यामुळे. तिथे ‘डिस्प्रॅक्सिया’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. शाळकरी मुलांत शंभरात पाच-सहा जणांना हा त्रास असतो. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. हालचालीचा बेत मनात आखून ती क्रमानं पार पाडणं या मुलांना जड जातं. आपण बटण लावतो ते विचार न करता. त्यांना दर वेळी नव्यानं विचार करावा लागतो. म्हणून ती लवकर थकतात.

यावर गोळी नाही, पण उपाय आहेत. व्यवसायोपचार तज्ज्ञांनी आम्हाला एकेका कामाचे छोटे तुकडे पाडून रोज थोडा सराव करायला शिकवलं. आम्ही वेल्क्रोचे बूट आणले, जाड पेन्सिल दिली, पेला अर्धाच भरू लागलो. अभ्यासाला बसताना पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट ठेवला. बाईंना भेटले, तेव्हा त्यांनीही काही उत्तरं तोंडी घ्यायचं कबूल केलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये डिस्प्रॅक्सियाचा उल्लेख आहे. तेव्हा शाळेशी बोलताना संकोच नको.

हा त्रास वयाबरोबर नाहीसा होतोच असं नाही. हॅरी पॉटरची भूमिका करणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफनं २००८ साली, स्वतःला सौम्य डिस्प्रॅक्सिया असल्याचं सांगितलं होतं. माझा मुलगाही आता नोकरी करतो. रविवारी चहा तोच करतो. ओट्यावर थोडा सांडतो, म्हणून फडकं शेजारीच असतं.

तुमच्या घरात, वर्गात असं मूल असेल, तर रागावण्याआधी एवढंच विचारा : ‘‘बाळा, यातलं नेमकं काय जड जातंय?’’ मी ते फार उशिरा विचारलं.