काळजाचा काटा



पितृपंधरवडा चालू आहे. घरोघर म्हाळ आहेत. सकाळपासून आयाबाया चुलीपुढं, आणि पान वाढून झालं की सगळ्या घराचे डोळे छपराकडं. कावळा आला का? इतर वेळी दारात ओरडला तर त्याला दगड मारून हाकलतो आपण. या पंधरा दिवसांत मात्र त्याची मनधरणी चालते. असा मान वर्षातनं एकदाच मिळणारा पाहुणा दुसरा नाही.

यामागं प्रश्न एकच. माणूस मेल्यावर जातो कुठं? हा प्रश्न लहान पोरानं विचारला तर आपण 'गप बस' म्हणतो. नचिकेत पोरच होता. त्यानं तो थेट यमाच्या दारात बसून यमालाच विचारला. यमानं सुद्धा आधी टाळाटाळ केली. हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, मोठं आयुष्य घे, पण हे विचारू नकोस म्हणाला. ज्याच्या हाती मरण, तोही या प्रश्नाला कचरला, तर आपली काय कथा!

आज तुम्हाला जरा लांब नेतो. आपल्या पंचगंगेकाठी, ब्रह्मपुरीच्या टेकाडात उत्खनन झालं तेव्हा काशाची एक सुबक मूर्ती निघाली. समुद्रदेवाची, रोमन काळातली. टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापूरचा माल कुठल्या कुठं जात होता आणि तिकडचा इकडं येत होता. त्या वाटेवरचा मोठा देश म्हणजे इजिप्त. आपल्याला पंचगंगा, त्यांना नाईल. आणि मरणाचा विचार त्या लोकांनी केला तेवढा जगात फार थोड्यांनी केला असेल.

आपण देह अग्नीला देतो. पंचगंगेवर चिता रचतात ती शेणींची. होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानाला दान देणारं हे गाव आहे, आणि इथं दहनाचे पैसे महापालिका घेत नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. तीन दिवसांत देहाचं नाव नाही, रूप नाही. इजिप्तवाल्यांचं याच्या अगदी उलट. ते म्हणत, देह राहिला तरच पुढचं सगळं. म्हणून माणूस गेला की सत्तर दिवसांचा विधी. पोट उघडून आतडी, जठर, यकृत, फुप्फुसं काढायची, ती चार बरण्यांत जपून ठेवायची. देह खारात पुरून सुकवायचा, मग तेलं, राळ आणि लिननच्या पट्ट्यांवर पट्ट्या. मेंदू नाकावाटे आकड्यानं ओढून काढायचे आणि टाकून द्यायचे. त्यांच्या लेखी त्याला किंमत नव्हती! आपण पोरांच्या मेंदूसाठी शिकवण्यांना एवढे पैसे भरतो, आणि इथं राजाचा मेंदू सुद्धा बाहेर. पण काळीज? त्याला धक्का लावायचा नाही. ते जागच्या जागी. का, ते पुढं सांगतो.

यातही गरीब-श्रीमंत होतंच. हिरोडोटस नावाचा ग्रीक लेखक अडीच हजार वर्षांपूर्वी तिथं गेला होता. त्यानं लिहून ठेवलंय की मढ्याचे तीन दर होते. भारी, मधला आणि हलका. हसू नका. आपल्याकडं दहाव्याच्या जेवणाला मांडव किती मोठा, यावर घराची पत मोजतातच की. आई आजारी असताना औषधाला पैसे नव्हते आणि तेराव्याला गोडाचं जेवण घालायला कर्ज काढलं, अशी घरं मी पाहिलीत. तुम्हीही पाहिलीत.

असा सुकवलेला देह पाहायला फार लांब जायला नको. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या संग्रहालयात इजिप्तची एक ममी आहे.

आता गंमत बघा. देह एवढा बांधून ठेवला, तरी त्यांच्या मते माणसाचा एक भाग उडतच असे. त्याला ते 'बा' म्हणत. त्याचं चित्र कसं काढायचे? अंग पाखराचं आणि तोंड माणसाचं. तो दिवसा बाहेर हिंडायचा आणि रात्री परत आपल्या देहापाशी यायचा. थडग्यापाशी भाकरी ठेवायची, पाणी ठेवायचं. माउली, नाईलच्या काठी पाखरू, पंचगंगेच्या काठी कावळा! मधे एवढा समुद्र, पण गेलेलं माणूस पाखरासारखं परत येतं, त्याला भूक लागलेली असते, हे दोघांनाही वाटलं.

कावळ्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. करवीर तालुक्यातलं एक गाव. नाव घेत नाही. म्हातारी गेली. दोन मुलगे, एक विधवा लेक. म्हातारीनं हयातीत लेकीला शेताचा एक तुकडा तोंडी देऊन ठेवलेला. कागद नाही. भावांनी तुकडा काढून घेतला नाही, पण त्याचं पाणी तोडलं. उभा ऊस वाळला. रक्षाविसर्जनाला घाटावर नैवेद्य ठेवला. भात, पुरी, म्हातारीला आवडणारी भजी, चहाचा कप सुद्धा. कावळे झाडावर पन्नास, पण एक खाली येईना. तास गेला. पाहुणे घड्याळ बघायला लागले. नातवंडांना सांभाळतो म्हणाले, घर फुटू देत नाही म्हणाले, काही नाही. शेवटी धाकटा पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, "आये, आक्काच्या तुकड्याचं पाणी आजपासून सोडतो." कावळा शिवला.

कावळ्याला काय कळलं हा वाद तुम्ही सवडीनं घाला. मला त्या धाकट्याचं वाटतं. तासभर त्याला ठाऊक होतं की काय बोलायला पाहिजे. बाकी सगळं बोलून झालं आणि ते तेवढं शेवटी निघालं.

तर आता काळजाकडं या. इजिप्तवाल्यांच्या परलोकात एक कचेरी होती. आपल्याकडं यमधर्म आणि वही घेऊन चित्रगुप्त. त्यांच्याकडं ओसायरिस हा न्यायाधीश आणि थॉथ हा लिहिणारा. तोंड कोल्ह्याचं असलेला अनुबिस तराजू धरायचा. एका पारड्यात मेलेल्याचं काळीज, दुसऱ्यात एक पीस. सत्याची जी देवता, मात, तिचं पीस. काळीज पिसाशी तोलून निघालं तर पुढं जा. जड झालं तर शेजारीच एक जनावर बसलेलं, तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. ते काळीज खाऊन टाकायचं. संपलं. नरक सुद्धा नाही, काहीच नाही. म्हणून काळीज देहात ठेवायचं. वजन त्याचंच व्हायचं होतं.

आणि तिथं बेचाळीस जणांपुढं उभं राहून म्हणायचं, मी हे केलं नाही, मी ते केलं नाही. चोरी केली नाही, खून केला नाही, हे आलंच. पण आणखी काय म्हणायचं बघा. मापात मारलं नाही. तराजूच्या काट्याशी खेळलो नाही. लेकराच्या तोंडचं दूध काढलं नाही. कुणाला रडवलं नाही. आणि वाहतं पाणी अडवलं नाही! साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा हा परलोक, आणि त्यात पाटाच्या पाण्याचा जाब. उसाच्या काट्यावर ट्रॉली उभी केलेल्या माणसाला काटा मारणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

पण माणूस तो माणूसच. देवापुढं खोटं बोलता येईल, बेचाळीस जणांपुढं येईल, काळीज गप्प बसेल का? ही भीती त्यांना होती. म्हणून त्यांनी तोड काढली. दगडाचा एक भुंगा कोरायचा, त्यावर मंत्र लिहायचा आणि मढ्याच्या छातीवर ठेवायचा. मंत्रात काळजालाच विनवणी, की बाबा रे, तराजूपाशी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. आपल्याच काळजाला लाच! मला या एका गोष्टीचा विचार करताना झोप येत नाही. तोंडाला कुलूप घालता येतं, साक्षीदार फोडता येतो, सात-बारा फिरवता येतो. आत बसलेल्याचं काय करायचं, हे पिरॅमिड बांधणाऱ्यांनाही सुटलं नाही.

कामाची धास्तीही होतीच. परलोकात शेत होतं, ते पिकवायला कष्ट होते. म्हणून बरोबर छोट्या बाहुल्या पुरायच्या. कामाची हाक आली की बाहुलीनं 'हजर' म्हणायचं. तुतनखामेन नावाचा पोरसवदा राजा, त्याचं थडगं १९२२ च्या नोव्हेंबरात सापडलं, त्यात ४१३ बाहुल्या निघाल्या. त्याच १९२२ च्या मे महिन्यात, ६ तारखेला, आपले शाहू महाराज गेले. बरोबर काय नेलं? पण वसतिगृहं इथं राहिली, राधानगरीचं धरण इथं राहिलं.

आता आख्यान कोल्हापूरच्याच राजाचं. शाहू महाराजांच्या आधीचे राजाराम महाराज. घोटाळा करू नका. शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम वेगळे, शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम वेगळे. हे मधले, १८५० साली जन्मलेले. वीस वर्षांचं वय. १८७० साली विलायतेला गेले. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडाला असं मानायचा तो काळ. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी खुला झालेला, तेव्हा विलायतेची वाट इजिप्तवरूनच. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, रोजनिशी लिहीत होते, ती पुढं छापलीही गेली. परतीच्या वाटेवर इटलीत, फ्लॉरेन्स शहरात, आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला गेले.

विचार करा माउली. बरोबर मूठभर कोल्हापूरची माणसं. परका मुलूख, कडाक्याची थंडी, भाषा येत नाही. त्या मुलखात माणूस पुरायची रीत, जाळायची नाही. राजाचा देह समोर. काय करायचं? त्यांनी परवानगी मागितली आणि त्या शहरानं खास बाब म्हणून ती दिली. मग जागा कुठली? नदी पाहिजे. नुसती नदी नको, संगम पाहिजे. आपल्या चिखलीला प्रयाग आहे ना, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात तिथं? तसा. विचारत, शोधत ते शहराबाहेरच्या बागेच्या टोकाला गेले. तिथं मुन्योने नावाची लहान नदी आर्नो नदीला मिळते. त्या संगमावर कोल्हापूरच्या छत्रपतींना अग्नी दिला.

त्या लोकांनी हे कधी पाहिलं नव्हतं. पण हसले नाहीत. १८७४ साली तिथं छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, डोक्याला पागोटं, खाली चार भाषांत लेख. ती छत्री रेखाटली मँट साहेबानं. त्याच मँट साहेबानं आपला नवा राजवाडाही रेखाटला. पुढं शंभर वर्षांनी जवळच मोठा पूल बांधला, त्यालाही लोकांनी 'हिंदी माणसाचा पूल' असंच नाव दिलं. तिथल्या पोराला शिवाजी कोण माहीत नसेल, पण आमचा वीस वर्षांचा राजा त्याच्या रोजच्या रस्त्यात आहे.

इजिप्तमधल्या थडग्यांवर जाणाऱ्या-येणाऱ्याला उद्देशून एक विनंती कोरलेली असायची. वाटसरा, तुझ्याजवळ भाकरी नसेल तर राहू दे. माझं नाव घे, दोन शब्द बोल. त्याला तोंडचा श्वास तेवढा लागतो, दुसरा खर्च नाही. आता यावर नामाचं माहात्म्य वारकऱ्याला मी काय सांगू!

तेव्हा असं करू. हे वाचताय तिथं क्षणभर थांबा. राजाराम महाराजांचं नाव घ्या. मग तुमच्या घरातलं, जे पान यंदा वाढायचं आहे, त्या माणसाचं नाव घ्या. मनात नको, तोंडानं. आणि त्याला सांगायचं ते शेवटचं राहिलेलं वाक्य असेल तर तेही बोलून टाका. कावळ्याची वाट बघू नका.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!