पहांटेची धांव आणि वाटेंतला साप

पावसाळ्याचे दिवस, पहांटेची वेळ. मुंबईंत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांतील रस्त्यावरून एक तरुण धांवत आहे. कानांत गाणें चाललें आहे, नजर मनगटावरील घड्याळाकडे आहे. एकाएकीं चार पावलांवर ओल्या डांबरावर दोरखंडासारखें कांहीं पडलेलें दिसतें; आणि तें हलतें! आतां तो तरुण काय करील, यावर दोन जीव अवलंबून असतात. एक त्याचा, दुसरा सापाचा.

एवढ्या मोठ्या शहरांत साप आला कोठून, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक तो येथलाच रहिवासी. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या या उद्यानाच्या कडेपर्यंत माणसांची वस्ती येऊन भिडली. वस्तीबरोबर उकिरडे आले, उकिरड्यांवर उंदीर आले आणि उंदरांमागें साप आले. पावसाचें पाणी बिळांत शिरलें म्हणजे तर त्यांस बाहेर पडणें भागच पडतें.

विष हें सापाचें भक्ष्य मिळविण्याचें साधन आहे. माणूस कांहीं त्याचें भक्ष्य नव्हे. जमिनीचा कंप जाणवतांच बहुतेक साप वाट सोडतात. घोणशीची रीत मात्र निराळी. ती पुष्कळदां जागच्या जागीं पडून राहते आणि कोणी जवळ येतांच कुकरमधून वाफ सुटावी तसा फूत्कार करते. कान गाण्यांत गुंतले असतील, तर ही सूचना ऐकूं कशी यावी? शिवाय कित्येक लोक तिला अजगराचें पिल्लूं समजून उचलावयास जातात. उलट निरुपद्रवी धामण नाग म्हणून मारली जाते! तेव्हां साप ओळखण्याच्या भरीस न पडणें हेंच शहाणपण.

थांबावें, हळूहळू मागें सरावें आणि सापास वाट द्यावी. अंधारांत विजेरी बाळगावी, पायांत बूट असावेत, कडेच्या गवतांत पाऊल टाकूं नये. दगड तर मुळींच उचलूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें सापास संरक्षण आहे. पण कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी डिवचलेल्या सापाजवळ उभें राहणें जिवावरचेंच काम आहे.

दैववशात् दंश झालाच, तर धांवणें तत्काळ थांबवावें. दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा. दोरी आवळणें, जखम चिरणें, तोंडानें विष ओढणें हे उपाय घातक आहेत. मण्यारीच्या दंशानें फारशी वेदनाहि होत नाहीं. म्हणून दुखत नाहीं यावर विसंबूं नये. वाहनानें थेट रुग्णालय गांठावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर चालणारें प्रतिविष तेथें मिळूं शकतें.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतलीं. रुग्णालय दूर, म्हणून कित्येकांचा इलाज चालला नाहीं. शहरांत तें जवळ असतांना मांत्रिकाच्या दारीं वेळ दवडणाऱ्यास काय म्हणावें?

आपला तरुण थांबला. कानांतलीं यंत्रें त्यानें काढलीं, तेव्हां कुठें त्यास तो फूत्कार ऐकूं आला. तो मागें सरला. घोणस सावकाश गवतांत निघून गेली. घड्याळांतलीं दोन मिनिटें वायां गेलीं; दोन जीव मात्र वांचले.