उपाय लागू पडला का?



2022 साली देशात 1,70,924 माणसांनी आपला जीव संपवला. त्यांतली 22,746 महाराष्ट्रातली. सर्व राज्यांत हा आकडा सर्वाधिक. ही आकडेवारी या सभागृहात बहुतेकांना पाठ आहे. आत्महत्या रोखण्यासाठी आपण जे काम करतो त्याने माणसे वाचतात, हे आपल्याला कशावरून कळते, हा माझा आजचा प्रश्न आहे.

एक उदाहरण घ्या. श्रीलंकेत शेतकऱ्यांच्या घरी कीटकनाशक ठेवायला कुलपाच्या पेट्या देण्यात आल्या. निराशेच्या क्षणी ते सहज हाती लागू नये, हा हेतू. कोणालाही पटावी अशी ही कल्पना. पण संशोधक तिथेच थांबले नाहीत. त्यांनी 180 गावे निवडली, काहींना पेट्या दिल्या, काहींना दिल्या नाहीत, आणि पुढे काय होते ते पाहिले. 2017 साली निष्कर्ष आला: दोन्हीकडे काही फरक नाही. त्याच देशाने 1995पासून अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बाजारातूनच हटवली आणि वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी खाली आले. पेट्या वाटणाऱ्यांची कळकळ खरी होती. मोजले म्हणूनच कळले की जोर कुठे लावायचा.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी 4.3 टक्के होते. दीड वर्षात ते 27.2 टक्के झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण 5.2वरून 2.5 टक्क्यांवर आले. तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय प्रकल्पालाच देता येणार नाही. तरी मला हा अभ्यास मोलाचा वाटतो, कारण त्यात गाव स्वतः कामाला लागले होते.

आता आपल्या सरकारी कागदांकडे पाहा. शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपर्यंत फाइल फिरते आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरते. कर्ज किती, नापिकी होती का, यावर 1 लाख रुपयांची मदत अवलंबून. कुटुंबाला ती मिळायलाच हवी. पण शेवटच्या महिन्यात तो कोणाशी बोलला, दवाखान्यात गेला होता का, कोणी त्याची विचारपूस केली का, हे निकषांत बसत नाही; आणि प्रतिबंधाला उपयोगी पडेल ते नेमके हेच. शिवाय 2022 साली देशात आत्महत्या केलेल्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसे रोजंदारीवर जगणारी होती. शेतमालकासाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांची फाइल येतच नाही.

विद्यापीठांतल्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे: प्रश्नावली छापण्याआधी आशाताईंसोबत बसा. कोणाच्या घरात कशाची धग आहे, ते त्यांना ठाऊक असते. कुटुंबाच्या संमतीशिवाय माहिती घेऊ नका, आणि निष्कर्ष नावे न घेता ग्रामसभेत परत सांगा. संस्थांनाही एक सांगणे आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवला की काम झाले, असे धरू नका. त्या गावातून फोन लागतो का, पलीकडच्या माणसाला वऱ्हाडी कळते का, फोन करणाऱ्याची आठवड्याने कोणी चौकशी केली का, ते तपासा.

पुढच्या अधिवेशनात प्रत्येक प्रकल्पाने आपण काय मोजले ते मांडावे, असा ठराव मी ठेवतो. ज्यांचा उपाय लागू पडला नाही, त्यांना बोलायला पहिली वेळ द्यावी.