लांडग्याची पिल्ले आणि माणसाचा हात



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो महागाई भत्त्यावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. पण या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपवली, आणि आम्ही लांडग्याची पिल्ले हा विषय घेतला. माटुंग्याच्या सभेत लांडग्याचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आधी देतो.

आमच्या सभांतून मालकाला लांडगा म्हणण्याची चाल जुनी आहे. सत्तेच्या वाटपावरून ओढाताण झाली की वर्तमानपत्रे तिला 'लांडगेतोड' म्हणतात. उलट बाजूला व्यवस्थापनाच्या शिबिरांतून असे शिकवतात की, लांडग्यांच्या कळपाकडे पाहा; तेथे एक दांडगा नायक असतो, बाकीचे शेपूट घालून त्याच्या मागे जातात, हाच निसर्गाचा कायदा आहे. म्हणजे दोन्ही पक्षांनी लांडग्याला साक्षीदार केले आहे. औद्योगिक न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी झाल्यावाचून त्याची साक्ष धरीत नाहीत. ती उलटतपासणी आज आपण करू. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात बरेचसे झाले. तेव्हा पंडिताचा अधिकार आम्ही सांगत नाही. वाचून आणि ताडून पाहून जे पटले तेवढेच मांडतो.

प्रारंभ पिल्लापासून करू. लांडगीण सुमारे बासष्ट-त्रेसष्ट दिवसांनी विते. आपल्या दख्खनच्या माळावर पिल्ले बहुधा पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत जन्मतात. एका वेळी चार-सहा पिल्ले असतात. जन्मतः पिल्लू अर्ध्या किलोच्या आतबाहेर, आंधळे आणि बहिरे असते. त्याला आपल्या अंगाची ऊबही राखता येत नाही, म्हणून भावंडे एकमेकांना बिलगून पडतात. आईने चाटून पोट चोळल्याखेरीज त्याला मूत्रविसर्जनही करता येत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात येतात आणि त्या सुमारास ते बिळाच्या तोंडाशी येऊन जग पाहू लागते.

या दिवसांत आई बिळाजवळून फारशी हलत नाही. मग तिने खायचे काय? बाप आणि आदल्या वर्षीची थोरली भावंडे शिकार करून तिला अन्न आणतात. पिल्ले मोठी झाली की घरी परतणाऱ्या प्रत्येकाचे तोंड चाटू लागतात, आणि तो पोटातले मांस ओकून त्यांना भरवतो. फाइव्ह गार्डनच्या रस्त्यावरचे कुत्रे ओळखीच्या माणसाचे तोंड चाटायला धावते, ते या फार जुन्या मागणीचेच अवशेष होय. आमच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर ठेवण्याची तरतूद होती, आणि ती अमलात आणण्यासाठी किती खेटे घालावे लागत हे आमच्या भगिनींना ठाऊक आहे. लांडग्याच्या कुटुंबाला त्यासाठी निरीक्षक लागत नाही.

आता माणसाच्या हाती वाढलेल्या पिल्लांकडे वळू. अॅडॉल्फ म्यूरी नावाचे अमेरिकन निरीक्षक १९३९ पासून अलास्कातील मॅकिन्ली पर्वताच्या परिसरात लांडग्यांचा अभ्यास करीत होते. १९४० साली त्यांनी एक लहान मादी पिल्लू बिळातून आणून दुधावर वाढवले आणि तिची वाढ टिपून ठेवली. पुढे अनेकांनी हा उद्योग अधिक शिस्तीने केला. हंगेरीतील बुडापेस्ट येथे २००१ नंतर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पिल्ले जन्मल्यावर आठवड्याच्या आत घेतली आणि रात्रंदिवस अंगाशी धरून वाढवली. ऑस्ट्रियात २००८ साली याच कामासाठी निघालेले एक केंद्र पुढे एर्न्स्टब्रुन येथे आले. तेथे लांडग्याची आणि कुत्र्याची पिल्ले अगदी एकाच रीतीने वाढवतात. कारण उघड आहे. दोघांचे दूध, हात आणि निजणे सारखे असेल, तरच पुढे दिसणारा फरक रक्ताचा की वाढवण्याचा, हे कळेल.

हे काम किती कष्टाचे आहे, याची कल्पना यावी. दर तीन-चार तासांनी, मध्यरात्रीसुद्धा, बाटलीने दूध पाजायचे. आई जिभेने करते ते काम ओल्या कापसाने करायचे. पिल्लाशेजारी निजायचे. आणि हे सारे डोळे उघडण्यापूर्वी सुरू करायचे. उशीर झाला तर गाडी चुकली.

गाडी का चुकते, याचा उलगडा कॅथरिन लॉर्ड या संशोधक बाईंनी २०१३ साली केला. लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या पिल्लांची इंद्रिये एकाच वेळी जागी होतात, असे त्यांना आढळले. वास दोन आठवड्यांनी कळू लागतो, ऐकणे चार आठवड्यांनी, आणि पापण्या आधी उघडल्या तरी नीट पाहणे सहा आठवड्यांनी. फरक पायांत आहे. कुत्र्याचे पिल्लू चार आठवड्यांचे झाल्यावर हिंडू लागते. तोवर त्याला वास आणि आवाज दोन्ही कळतात. लांडग्याचे पिल्लू दोन आठवड्यांतच, धड ऐकू-दिसत नसताना, केवळ वासाच्या भरवशावर निघते. मग एके दिवशी आवाज सुरू होतात आणि ते दचकते. पुढे आकृती दिसू लागतात आणि ते पुन्हा दचकते. ओळखीची होण्याची मुदत मात्र दोघांचीही थोडीच असते. लॉर्डबाईंच्या मते, कुत्र्याच्या पिल्लाला योग्य वयात तास-दीड तास माणसाचा सहवास मिळाला तरी पुरतो. लांडग्याच्या पिल्लाला तीन आठवड्यांच्या आतच चोवीस तासांचा सहवास द्यावा लागतो, आणि एवढे करूनही ते कुत्र्याइतके माणसाचे होत नाही.

बुडापेस्टच्या पिल्लांचे तेच झाले. दोन-चार महिन्यांत त्यांना घरांतून काढून आवारात न्यावे लागले. मात्र त्यांच्यावर झालेला एक प्रयोग आम्हांला फार बोलका वाटतो. दोरी ओढली की मांस मिळते, हे लांडग्यांना आणि कुत्र्यांना शिकवले. मग दोरी गुपचूप बांधून टाकली. कुत्र्यांनी थोडी ओढाताण केली आणि मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहिले. लांडगे दोरीच ओढीत राहिले. २००३ साली हे प्रसिद्ध झाले. येथे आमच्या तोंडी एक कोटी येते, पण ती आम्ही गिळतो. कारण कुत्र्याचे ते वळून पाहणे लाचारी नव्हे. हजारो वर्षे माणसाबरोबर काढलेल्या जातीची ती भाषा आहे. लांडगा हट्टी म्हणून थोर नाही आणि कुत्रा वळून पाहतो म्हणून हीन नाही.

आता शिबिरवाल्यांच्या नायकाकडे येऊ. हा नायक आला कोठून? स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल यांनी एका लहानशा आवारात कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली निबंध प्रसिद्ध केला. तेथे वरच्या जागेसाठी सतत झटापट चाले. जिंकणाऱ्यास त्यांनी 'अल्फा' म्हटले. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या १९७० च्या ग्रंथाने हा शब्द जगभर नेला. परंतु याच मेक यांनी पुढे १९८६ पासून उत्तर ध्रुवाकडील एल्समेअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांजवळ काढले आणि १९९९ साली लिहिले की मोकळा कळप म्हणजे एक कुटुंब असते. ज्यांना नायक म्हणतात ते आई-बाप होत. त्यांनी ती जागा लढून मिळवलेली नसते. पिल्ले झाली म्हणून ती त्यांच्याकडे आली. पोरे मोठी होतात, घर सोडतात, जोडीदार शोधतात आणि दुसरे कुटुंब मांडतात. एवढ्यावर ते थांबले नाहीत. आपला जुना ग्रंथ छापणे बंद करावे, असे त्यांनी प्रकाशकाला वारंवार सांगितले, आणि २०२२ साली तो बंद झाला.

ध्यानात घ्या, शेंकेल यांनी खोटे लिहिले नव्हते. जे दिसले तेच त्यांनी लिहिले. पण दिसले ते कोंडवाड्यात. जेथून बाहेर पडण्यास वाट नाही, तेथे एकमेकांच्या उरावर बसण्याखेरीज गती नसते. ज्यांनी दहा बाय दहाच्या खोलीत दहा-दहा माणसांचे संसार पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. कोंडवाड्यातील वागणुकीला स्वभाव म्हणू नये, हा या कथेचा इत्यर्थ आहे.

एर्न्स्टब्रुन येथे वाढलेल्या प्राण्यांनी आणखी दोन साक्षी दिल्या आहेत, दोन्ही २०१७ सालच्या. पहिल्या प्रयोगात एका दोरीची दोन टोके दोघांनी एकाच वेळी ओढली तरच खाण्याची ताटली पुढे सरके. एकट्याने ओढली तर दोरी सुटून येई. काही न शिकवता लांडग्यांच्या ७ जोड्यांपैकी ५ जोड्यांना हे निदान एकदा साधले. कुत्र्यांच्या ८ जोड्यांपैकी फक्त एकीला. दुसऱ्या प्रयोगात शेजारीशेजारी बसवलेल्या दोन प्राण्यांना एकच काम दिले, पण खाऊ एकालाच दिला. ज्याला मिळाला नाही त्याने थोड्या वेळाने काम थांबवले. लांडग्यांनी थांबवले आणि कुत्र्यांनीही. समान कामाला समान दाम ही मागणी कोणा संघटनेने त्यांना शिकवली नव्हती.

तथापि येथे आम्ही आपल्याला आणि स्वतःलाही एक सावधगिरीचा शब्द सांगतो. क्रपॉटकिन यांनी १९०२ च्या 'परस्पर साहाय्य' विषयावरील ग्रंथात प्राण्यांची पुष्कळ उदाहरणे दिली, ती डार्विनच्या नावाने गळेकापू स्पर्धेचे समर्थन करणाऱ्यांना उत्तर म्हणून. उत्तर म्हणून ती योग्य होती. पण लांडगे सहकार करतात म्हणून आपण करावा, हा युक्तिवाद लंगडाच. उद्या वाघ एकटा राहतो असे कोणी दाखवील. माणसाने न्याय करायचा तो माणूस म्हणून. एवढेच की, अन्यायाच्या बाजूने लांडग्याची खोटी साक्ष कोणी काढली, तर ती खोडून काढता आली पाहिजे.

शेवटी आपल्या दारच्या लांडग्याविषयी. भारतात लांडगे उरले आहेत ते सुमारे तीन हजार. २०२१ साली झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार भारतीय लांडग्याची शाखा जगातील सर्वांत प्राचीन शाखांपैकी एक आहे. सोलापूरकडचे नान्नज, इंदापूर-बारामतीकडची माळराने, अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीचा परिसर हे त्याचे आपल्याकडील घर. सरकारी दप्तरात अशा माळाला 'पडीक' म्हणतात. ज्या जमिनीवर धनगराची मेंढी, माळढोक, चिंकारा आणि लांडगा जगतो ती पडीक कशी, हे आम्हांला उमजलेले नाही. पडीक ठरली की तेथे कारखाना, वसाहत, कचऱ्याचा ढीग येतो. ढिगाबरोबर मोकाट कुत्री येतात आणि कुत्र्यांबरोबर रोग. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुण्याजवळच्या लांडग्यांत कुत्र्यांशी संकर झाल्याचा जनुकीय पुरावा मिळाला. माणसाच्या हाती वाढूनही जो कुत्रा झाला नाही, तो माणसाच्या कचऱ्यामुळे कुत्र्यात विरघळू लागला आहे.

मेंढी गेली तर भरपाईची सोय आहे. पण पंचनामा होईतो धनगराचा वाडा पुढच्या गावी गेलेला असतो. मग राग बिळावर निघतो. बिळात धूर करतात, तोंडावर दगड लावतात. अशा वेळी दोष एकट्या धनगराला देणे अन्यायाचे आहे. त्याची भरपाई त्याच्या वाटेवर पोहोचली, तर पिल्ले वाचतील. मेंढपाळ आणि लांडगा या दोघांच्याही पायाखालचा माळ एकच आहे, आणि तो एकदमच जातो.

आपल्यापैकी पुष्कळांची गावे त्या बाजूला आहेत. सुटीत गावी गेल्यावर झुडपात पिल्ले सापडली, तर ती पोरकी आहेत असे समजून उचलू नका. बहुधा आई शिकारीला गेलेली असते. दुरूनच परत फिरा आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला पहिल्या परिशिष्टात ठेवले आहे. पिल्लू घरी नेऊन पाळणे हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या तीन आठवड्यांची किंमत आपण आज पाहिली. त्या दिवसांत माणसाच्या अंगावर वाढलेले पिल्लू माळाला पारखे होते आणि घराचेही होत नाही. शास्त्रज्ञ हे जन्मभराचे ओझे जाणून उचलतात. हौशी माणसाला ते चार महिन्यांत नकोसे होते, आणि मग त्या जिवाला पिंजऱ्यावाचून जागा उरत नाही.

साक्ष संपली. साक्षीदाराला त्याच्या माळावर परत जाऊ द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.