बालवयातील बुद्धिपरीक्षा आणि आपला विद्यार्थी-साहाय्य निधी



पहिलीतच मुलांची बुद्धिपरीक्षा घ्यावी आणि तीत जी वर येतील त्यांनाच यापुढे आपल्या निधीतून साहाय्य द्यावे, अशी सूचना काही मंडळींनी केली आहे. निधी तुटपुंजा आहे, तो वाया जाऊ नये, ही त्यांची काळजी आम्हांसही आहे. परंतु या परीक्षेचा जन्म कशासाठी झाला, हे प्रथम पाहणे उचित होईल.

वर्गात मागे पडणारी मुले ओळखावी कशी, हा प्रश्न १९०४ साली पॅरिस येथे एका सरकारी समितीपुढे होता. त्यातूनच आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ३० कसोट्यांची श्रेणी रचली. हेतू मागे पडलेल्यास हात देण्याचा होता, वगळण्याचा नव्हे. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कानडी मुलांसाठी बसविली. त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला.

लहानपणच्या तयारीवरून पुढचे काहीच कळत नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ग्रेग डंकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली सहा दीर्घ पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा शाळेत येतानाची अंकांची समज पुढील यशाशी निगडित आढळली. पण हे झाले सरासरीचे गणित. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ पासून हजारावर बुद्धिमान मुले निवडली. त्या चाळणीतून विल्यम शॉक्ली व लुई अल्व्हारेझ गळाले. पुढे १९५६ व १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले ते या गळालेल्यांस. निवडलेल्यांपैकी एकासही नाही!

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या पुतण्यास पहिलीत 'ढ' ठरविण्यात आले. शिकवणी लावली, अंगारे झाले, आणि सांगावयास लाज वाटते, आम्ही त्यास मारलेही. तिसरीत कळले की पोरास फळाच नीट दिसत नव्हता. चष्मा लागला; पण दोन वर्षे गेली ती गेलीच. त्या वेळी निधीची परीक्षा असती, तर आम्हीच त्याचे नाव यादीतून काढू दिले असते.

म्हणून येत्या कार्यकारिणीत आम्ही उलट सूचना मांडणार आहोत. पहिलीतील प्रत्येक मुलाचे डोळे व कान तपासावेत, वाचन कोठे अडते ते पाहावे, आणि अडलेल्यावर प्रथम खर्च करावा. सूचनेस अद्याप अनुमोदक मिळालेला नाही.