पगारपत्रकावरचा माणूस

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जम्बो विमान दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. आत २१३ माणसं होती. एकही वाचलं नाही. मुंबईकरांना हा अपघात आठवतो. पण नातेवाइकांचा खटला अमेरिकेतल्या सिएटलमध्ये चालला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

इतक्या लांब का? तर १९२९ च्या वॉर्सा करारानं विमान कंपनीच्या भरपाईला मर्यादा घातली होती. विमान बनवणाऱ्याला ती लागू नव्हती. म्हणून अनेक घरांचे दावे बोइंग आणि उपकरणं बनवणाऱ्यांवर एकत्र चालले. वैमानिकासमोरचं, विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडलं होतं का, यावर सारा वाद. १९८५ मध्ये निकाल नातेवाइकांच्या विरोधात गेला. सात वर्षं वाट पाहून हाती काय, तर एका यंत्राची चर्चा!

पुढं १९९९ चा माँट्रियल करार आला, भारतानं तो २००९ मध्ये स्वीकारला. लगेच २२ मे २०१० ला दुबईहून येणारं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ जण दगावले, आठ वाचले. आखातात राबणारी कितीतरी माणसं त्यात होती. केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०११ मध्ये म्हटलं, प्रत्येकाला किमान सुमारे ७५ लाख रुपये द्या. त्याच वर्षी खंडपीठानं ते फिरवलं. नुकसान झालं तेवढं सिद्ध करा, तेवढंच मिळेल.

सिद्ध कशानं करायचं? पगाराच्या कागदानं. याच अपघातातल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ७ कोटी ६४ लाख रुपये मंजूर केले. पगारातले भत्ते धरायचे की नाहीत, यावर तिथं खल झाला. त्या घरालाही दहा वर्षं लागली. त्यांना मिळालं याबद्दल माझी तक्रार नाही. कायद्याच्या हिशेबात चूकही नसेल.

मी शब्दांचा माणूस, तरी ‘नुकसान’ या शब्दापाशी अडखळतो. वाळवंटातल्या उन्हात गवंडीकाम करणाऱ्याला जादा कामाचे पैसे हातावर मिळत असतील, घरी तो ते ओळखीच्या माणसाबरोबर पाठवत असेल, तर त्याच्या बायकोनं न्यायाधीशांपुढं कोणता कागद ठेवायचा?