कचेरीतील सर्व्हर आणि शिक्षकाची शिस्त
(मालवण तालुक्यातील शिक्षण परिषदेत एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या कपाळास आठी पडली असेल. प्रथमच सांगतो की, मी अभियंता नाही. डी.एड. होऊन खडू हाती घेतला आणि पुष्कळ वर्षे शाळांतच घालविली. परंतु लहान कचेरीत इंटरनेटला जोडलेला एखादा सर्व्हर असला, म्हणजे तो सांभाळण्याचे काम ‘ज्याला थोडेसे कळते’ अशा शिक्षकाच्या गळ्यात पडते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. अशा शिक्षकाने काय करावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

सर्व्हर म्हणजे काही अद्भुत वस्तू नव्हे. इतर संगणकांनी मागितलेली माहिती शोधून देणारा, म्हणून सदैव जागा राहणारा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. गावच्या पेढीवरील वाण्याप्रमाणे तो गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेला असतो. आपल्या कचेऱ्यांत बहुधा एखादा साधा संगणकच हे काम करतो. त्याच्या पोटात दाखल्यांच्या प्रती, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराचे तक्ते असतात. आणि राऊटर नावाच्या छोट्या पेटीतून तो बाहेरच्या जगाशी जोडलेला असतो.

आता एक प्रसंग सांगतो. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. माडपोफळी मोडल्या, होड्यांची नासधूस झाली, कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. वीज परत आली तेव्हा एका लहान कचेरीतील सर्व्हर सुरूच होईना. तो बसविणाऱ्या शिक्षकांची बदली पूर्वीच झाली होती आणि त्याचा पासवर्ड केवळ त्यांच्या स्मरणात होता. माहितीची दुसरी प्रत होती. पण ती ज्या तबकडीवर होती, ती त्याच संगणकास, त्याच विजेच्या फळीवर जोडलेली होती. दोन्ही एकदमच गेल्या.

त्यात एका मुलाच्या दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत होती. मूळ कागद घरात शिरलेल्या पावसाने नासला होता. त्याचे वडील ट्रॉलरवर खलाशी. नव्या प्रतीसाठी मुलाला घेऊन त्यांना ओरोसला दोनदा खेटे घालावे लागले. वादळाने आधीच बुडालेल्या मजुरीत आणखी दोन दिवसांची भर पडली. त्यांनी मला एक शब्दही दूषण दिले नाही. परंतु त्या कचेरीच्या तपासणीत ‘प्रत ठेवली आहे’ असा शेरा मीच लिहिला होता. ती प्रत उघडून पाहिली नव्हती. तो शेरा आजही माझ्या मनाला बोचतो.

ह्यात तांत्रिक अज्ञान कोठे होते? कोठेच नव्हते. जी दक्षता आपण जनरल रजिस्टराच्या बाबतीत घेतो, ती यंत्राच्या बाबतीत घेतली नाही, एवढाच दोष होता. रजिस्टर आपण कुलुपात ठेवतो, बदली झाली की यादीनिशी चार्ज देतो, खाडाखोड करीत नाही. हीच शिस्त सर्व्हरला लावावी. तिचे पाच भाग मी सांगतो.

पहिला भाग नोंदवहीचा. एका साध्या शंभर पानी वहीत यंत्र केव्हा घेतले, त्यात कोणती माहिती कोठे आहे, राऊटर कोणाकडून घेतला आणि बिघाड झाल्यास कोणास बोलवावे, हे लिहावे. यंत्रात काही बदल केल्यास तारखेसह नोंदवावा. पासवर्ड वेगळ्या पाकिटात मोहोरबंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावेत. चार्ज देताना वही व पाकीट दोन्ही द्यावीत, आणि नव्या माणसाने पासवर्ड लगेच बदलावेत.

दुसरा भाग प्रतींचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. माहिती तीन ठिकाणी असावी. त्यांपैकी दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि निदान एक त्या इमारतीबाहेर. किनाऱ्यावरच्या कचेरीची एक प्रत किनाऱ्यापासून दूरच्या कचेरीत कुलुपात असावी. प्रत घेतल्यावर तबकडी संगणकापासून सोडवून ठेवावी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने जगभरच्या संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. असे प्रोग्रॅम जोडून ठेवलेल्या तबकडीवरील प्रतही सोडीत नाहीत. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादा कागद प्रत्यक्ष उघडून पाहावा. न उघडलेली प्रत म्हणजे न तपासलेली उत्तरपत्रिका.

तिसरा भाग दारे बंद ठेवण्याचा. राऊटर कारखान्यातून येताना त्याला एक ठरावीक पासवर्ड असतो. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रॅमने असे न बदललेले पासवर्ड वापरूनच असंख्य राऊटर व कॅमेरे ताब्यात घेतले. म्हणून पहिल्याच दिवशी तो बदलावा. बाहेरगावाहून यंत्र चालविण्याची सोय कोणी आग्रहाने करून देऊ लागला, तरी ती बंदच ठेवावी. कचेरीचे संकेतस्थळ किंवा ई-मेल स्वतःच्या यंत्रावरून चालविण्याच्या भरीस पडू नये. ते काम जाणकारांच्या संस्थांवर सोपवावे. जे आपल्याला सांभाळता येत नाही ते न बाळगणे, हेही शहाणपणच आहे.

चौथा भाग दुरुस्त्यांचा. संगणक मधूनमधून ‘अपडेट’ मागतो आणि आपण ‘उद्या’ म्हणून टाळतो. ‘वॉनाक्राय’ ज्या वाटेने शिरला, ती वाट बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये दिली होती. ज्यांनी ती बसविली होती, त्यांची ती वाट बंद होती. ‘विंडोज १०’ ह्या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे; ती असलेली यंत्रे इंटरनेटवर किती काळ ठेवावयाची, ह्याचा विचार वरिष्ठांना लेखी कळवून करवून घ्यावा.

पाचवा भाग आपल्या हवापाण्याचा. खारा वारा यंत्राचे सांधे गंजवितो, म्हणून यंत्र खिडकीपासून दूर व जमिनीपासून उंच असावे. चालू यंत्रावर प्लास्टिक घालू नये. ते आत उबते. भिंतीतील अर्थिंग विजेच्या कारागिराकडून दरवर्षी तपासून घ्यावे आणि यूपीएसची बॅटरी जुनी झाली की बदलावी. वळिवाच्या व परतीच्या पावसात विजा कडाडण्याची चिन्हे दिसताच, त्या सुरू होण्यापूर्वीच, यंत्र रीतसर बंद करून विजेची पिन आणि इंटरनेटची तार दोन्ही काढावीत. पुष्कळ जण पिन काढतात, तार विसरतात, आणि वीज तारेतून येते.

ह्यापुढचे काम जाणकाराचे. तबकडी खडखडू लागली किंवा खंडणीचा मजकूर पडद्यावर आला, तर स्वतः प्रयोग करीत बसू नये. तार काढावी, वेळ नोंदवावी आणि वरिष्ठांस कळवावे. न कळणे हा अपराध नव्हे. कळल्याचा आव आणणे हा मात्र आहे.

आणखी एक गोष्ट. ही माहिती आपली नव्हे, मुलांची आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्यात बालक मानली आहे. तेव्हा मुलांचे दाखले सोयीसाठी कोणाच्या खाजगी मोबाइलवर ठेवू नयेत.

बंधुभगिनींनो, मृगापूर्वी आपण घर शाकारतो, होड्या वर ओढून घेतो. तहान लागल्यावर विहीर खणणारी आपली माणसे नव्हेत. त्याच दिवसांत एक सकाळ कचेरीतील यंत्रासाठी राखून ठेवावी: वही उघडावी, प्रत तपासावी, दुसरी प्रत बाहेरगावी पाठवावी. पुढच्या परिषदेस येताना प्रत्येक कचेरीने आपली नोंदवही बरोबर आणावी, अशी विनंती आहे. मी ह्या खेपेस शेरा लिहिण्यापूर्वी प्रत उघडून पाहणार आहे.